दहा हजार तासांची बाकी

‘मॅडम, माझी मेहनत कमी पडतेय. नेमकी किती, तेही सांगू शकते,’ असं म्हणत प्रणालीनं वही पुढे केली. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, तिच्या संमतीनंच लिहिते आहे.) प्रत्येक पानावर तारीख, ठरवलेले तास, झालेले तास आणि शेवटच्या रकान्यात ‘बाकी’. आज दोन तास कमी भरले तर ते उद्याच्या तासांत मिळवायचे. सावकाराच्या वहीसारखी ती बाकी फुगत फुगत सहाशेच्या वर गेली होती.

प्रणाली मूळची परभणी जिल्ह्यातली, घरची शेती कोरडवाहू. पुण्यात कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेची तयारी करत होती. एकदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचली, पुढच्या वेळी पूर्वपरीक्षेतच राहिली. याच काळात कुणीतरी तिला यशाचा मंत्र सांगणारं एक पुस्तक दिलं. त्यात लिहिलं होतं की कोणत्याही क्षेत्रात दहा हजार तास दिले की माणूस अव्वल होतोच, हे विज्ञानानं सिद्ध झालंय. तिनं हिशोब मांडला. रोज बारा तास, म्हणजे ८३३ दिवस. क्लास, मेस, कपडे धुणं यांतून बारा तास निघेनात, म्हणून ते झोपेतून काढले. कित्येक महिने ती साडेचार तास झोपत होती. अभ्यासिकेत पुस्तक उघडं असायचं आणि ओळ डोक्यात शिरायची नाही. सीसॅटचे, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या कल चाचणीचे, उतारे दोनदा वाचून उत्तर चुकायचं. टेस्ट सिरीजचे मार्क उतरत चालले, आणि याचं कारण तिच्या मते एकच होतं: तास कमी पडताहेत.

ही चिंता माझ्याकडे समुपदेशनात अनेक रूपांत येते. जेईईची मुलं येतात, नोकरी सांभाळून सीए करणाऱ्या मुली येतात, मुलाला पहाटे चारला बॅडमिंटनला नेणारे वडील येतात. सगळ्यांच्या बोलण्यात ‘संशोधन सांगतं’ हे शब्द असतात. सहसा मी समोरच्या माणसाला अभ्यासांचे तपशील सांगत बसत नाही. आधी झोप, भूक, मनात येणारे विचार यांची चौकशी करते. प्रणालीचीही केली, थकव्यासाठी डॉक्टरांकडे पाठवलं. पण तिला एका आकड्यानं धरून ठेवलं होतं. तो आकडा कुठून आला हे तिला कळायलाच हवं होतं.

मूळ अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीतले व्हायोलिनवादक विद्यार्थी निवडले. दहा सर्वोत्तम, दहा चांगले आणि दहा संगीतशिक्षक होऊ पाहणारे. तिन्ही गटांना लहानपणापासून एकट्यानं किती रियाज केला ते आठवून सांगायला लावलं. अठराव्या वर्षापर्यंत सर्वोत्तम गटाची सरासरी ७,४१० तास निघाली, चांगल्यांची ५,३०१ आणि शिक्षक-गटाची ३,४२०. विसाव्या वर्षी सर्वोत्तम गटाची सरासरी दहा हजारांच्या आसपास जाते. २००८ मध्ये आलेल्या, पत्रकार माल्कम ग्लॅडवेल यांच्या ‘आउटलायर्स’ या पुस्तकानं हा आकडा घराघरांत नेला, आणि पुढे इतर पुस्तकांनी आणि व्याख्यानांनी त्याचा नियम करून टाकला.

एरिक्सन यांनी स्वतः या नियमावर हरकत घेतली होती. दहा हजार ही सरासरी होती. त्या दहा सर्वोत्तम विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांचे तेवढे तास भरलेलेच नव्हते. शिवाय विसाव्या वर्षी ती मुलं शिकतच होती, त्यांना उस्ताद म्हणावं अशी वेळ अजून दूर होती. इतके तास भरले की कुणीही तिथे पोचतो, असं त्या अभ्यासात कुठेही नाही. तशी ती तपासणीच नव्हती.

हे प्रणालीनं शांतपणे ऐकून घेतलं. पण पुढचा भाग सांगितला तेव्हा ती खुर्चीत सरसावून बसली. त्याच विद्यार्थ्यांच्या दिनचर्येच्या नोंदीही संशोधकांनी घेतल्या होत्या. वरचे दोन गट दिवसाला सरासरी साडेतीन तास एकट्यानं रियाज करत. मधे विश्रांती घेत, दुपारी वामकुक्षीही. त्यांची झोप दिवसाला सरासरी ८.६ तास होती, शिक्षक-गटाची ७.८.

‘म्हणजे पहिले आलेले जास्त झोपत होते?’

हो, जास्त. पुस्तकानं त्याच अभ्यासातले तास उचलले आणि झोप तिथेच सोडली. प्रणाली ज्या संशोधनाच्या नावानं रात्री जागत होती, त्यातली मुलं दुपारीसुद्धा झोपत होती. मला अशा पुस्तकांचा राग येतो तो इथे. वाचणारी मुलं भाबडी नसतात. ‘विज्ञान’ हा शब्द दिसला की त्यावर विश्वास ठेवावा हे आपणच त्यांना शाळेत शिकवतो, आणि त्या विश्वासाची किंमत शेवटी त्यांच्या शरीराला मोजावी लागते.

‘मग मेहनत करू नको म्हणताय का?’ तिनं विचारलं. प्रश्न रास्त होता. मी नाही म्हटलं. त्या रियाजाचं स्वरूप बघ, असं सांगितलं. काय जमत नाही ते हेरायचं, त्यावरच काम करायचं, शिक्षकाकडून दुरुस्त करून घ्यायचं. नोट्सची वही तेराव्यांदा पिवळ्या मार्करनं रंगवणं यात बसत नाही, तेव्हा हातात घड्याळ चालू असलं तरीही. २०१४ मध्ये ८८ अभ्यास एकत्र तपासले गेले. माणसामाणसांतल्या कामगिरीच्या फरकापैकी बैठ्या खेळांत (बुद्धिबळासारख्या) २६ टक्के, संगीतात २१ टक्के, मैदानी खेळांत १८ टक्के फरक अशा सरावाशी जोडता आला, आणि शिक्षणात फक्त ४. या आकड्यांवर एरिक्सन यांनी वाद घातला. कशाला सराव म्हणून मोजलं हेच त्यांना पटलं नव्हतं. पण ४ टक्के म्हणजे अभ्यास निरुपयोगी, असा अर्थ कुणीही काढू नये. अर्थ एवढाच की दोन मुलींच्या निकालातला फरक निव्वळ तासांवरून सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती स्पर्धा परीक्षेच्या मुलांशी उघड बोललीच पाहिजे. व्हायोलिन चांगलं वाजवणाऱ्यांच्या संख्येला मर्यादा नसते. राज्यसेवेत जागा काहीशे आणि अर्ज लाखांत असतात. सगळ्यांनी तास दुप्पट केले तरी जागा तेवढ्याच राहतात. कट-ऑफच्या एका गुणानं राहिलेल्या मुलीला ‘तुझे तास कमी पडले’ असं सांगणारं पुस्तक तिच्यावर अन्याय करतं. प्रणाली इथे रडली. ‘बाबांना वाटतं मी इथे टाइमपास करते, मलाही तसंच वाटायला लागलं होतं,’ म्हणाली.

त्यानंतर आम्ही वहीतला बाकीचा रकाना काढून टाकला. त्या जागी ‘कोणता प्रश्न चुकला आणि का’ हे लिहायचं ठरलं. आठवडाभरातच तिच्या लक्षात आलं की बरेच प्रश्न येत असूनही घाईनं वाचल्यामुळे चुकत होते, आणि निगेटिव्ह मार्किंगमध्ये ते दुहेरी भोवत होते. झोप सात तासांवर यायला महिना लागला. सुरुवातीला ती झोपायची, पण अपराधी वाटून मध्यरात्री उठून बसायची. किती प्रयत्न करायचे आणि सोबत दुसरी कोणती वाट धरायची, याबद्दल ती घरी पहिल्यांदा बोलली. वडील एकदा येऊन भेटून गेले. पुढच्या पूर्वमध्ये ती पात्र ठरली, अंतिम यादीत आली नाही. सध्या एका खासगी कंपनीत काम करत शेवटचा अटेम्प्ट देते आहे.

मधे एकदा तिनं मला मेसेज पाठवला. एका व्याख्यात्यानं सांगितलं होतं की कोणतीही सवय २१ दिवसांत लागते. खाली तिचा प्रश्न: ‘कोणावर मोजलं?’ मला फार बरं वाटलं. तो आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जननं १९६० साली लिहिलेल्या पुस्तकातला. रुग्णांना बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, हे त्यांचं निरीक्षण होतं. पुढे लोकांनी त्यातला ‘किमान’ गाळला. लंडनमध्ये ९६ जणांवर सवयींचा प्रत्यक्ष अभ्यास झाला, तेव्हा मध्यम आकडा ६६ दिवस निघाला. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. हे मी तिला कळवलं.

तुमच्या घरातलं कुणी असं तासांच्या हिशोबात अडकलं असेल, तर आधी त्याची झोप विचारा, मार्क नंतर. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवण सुटलं असेल किंवा ‘मी नसलेलंच बरं’ अशी भाषा येत असेल, तर थांबू नका. टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं.