लेक म्हणतेय ब्लॅक आर्टिस्ट्ससोबत काम करायचंय, करू द्यावं का?

नमस्कार ताई,

तुमचं कोल्हापूरहून आलेलं पत्र दोनदा वाचलं. लेक लंडनला आर्ट हिस्टरीत एमए करतेय, तिथल्या नव्या ब्लॅक आर्टिस्ट्सना शोधून त्यांच्यासोबतच काम करायचं म्हणतेय, आणि तुम्ही विचारलंय की आपला त्यांचा काय संबंध आणि यात पोट भरेल का.

संबंधाचं आधी सांगते, कारण तो आहे. 1985 मध्ये लुबैना हिमिद या ब्रिटनमधल्या चित्रकार बाईंनी लंडनच्या आयसीए या कलासंस्थेत 'द थिन ब्लॅक लाइन' नावाचं प्रदर्शन भरवलं, त्यात 11 कलाकार बायका होत्या, त्यांच्यात आपल्या शांतिनिकेतनला जन्मलेल्या सुतपा बिस्वासही होत्या कारण तेव्हा तिकडे 'ब्लॅक' म्हणताना आशियाई लोकसुद्धा त्यात स्वतःला धरायचे, एकाच वर्णभेदाविरुद्ध सगळे उभे होते. आणि आपल्याकडे 1972 ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिचं नावच मुळी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलंय, हे तर तुम्हाला माहीतच असेल.

आता त्या प्रदर्शनाला जागा काय मिळाली माहितीये? जाण्यायेण्याचा बोळ. लोक तिथून पुढे निघून जायचे. त्याच बोळातल्या हिमिद यांना 2017 ला वयाच्या 63 व्या वर्षी टर्नर प्राइझ हा ब्रिटनमधला मोठा कलापुरस्कार मिळाला, त्याच प्रदर्शनातल्या सोनिया बॉइस यांच्या कामासाठी 2022 ला ब्रिटनला व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात गोल्डन लायन हा मानाचा पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी तिथल्याच व्हेरोनिका रायन यांना टर्नर. म्हणजे तीस-पस्तीस वर्षं काम तिथंच होतं, बघणारं कमी पडलं. तुमची लेक म्हणतेय ते हेच, की आज जे कोणी बोळात उभे आहेत त्यांच्यापाशी आत्ता जाऊन थांबायचं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं, अगदी मनापासून सांगते.

पोटाचं म्हणाल तर सुरुवातीचा पगार कमीच असतो, लपवत नाही. एकदम क्युरेटर, म्हणजे प्रदर्शन ठरवणारी, कोणी करत नाही. गॅलरी असिस्टंट म्हणून किंवा रजिस्ट्रारच्या, म्हणजे चित्रांची नोंद आणि ने-आण सांभाळणाऱ्याच्या, हाताखाली लागायचं, चित्राची पेटी आली की ती उघडून कंडिशन रिपोर्ट भरायचा, म्हणजे कुठल्या कोपऱ्यात रंग उडालाय, मागच्या लाकडी चौकटीला चीर आहे का, हे फोटोसकट लिहून सही करायची. कंटाळवाणं वाटतं पण चित्राला काही झालं तर आर्टिस्टचे पैसे याच कागदावर वाचतात.

आणि तिला करारमदार शिकू दे, याचा मी खूप आग्रह धरीन. केरी जेम्स मार्शल या अमेरिकेतल्या ब्लॅक चित्रकाराचं 'पास्ट टाइम्स' हे चित्र शिकागोच्या एका सरकारी संस्थेने 1997 ला 25,000 डॉलरला घेतलं आणि 2018 च्या लिलावात ते 2 कोटी 11 लाख डॉलरला गेलं, आणि चित्रकाराला त्यातला वाटा द्यायचा असा कायदाच अमेरिकेत नाही! ब्रिटनमध्ये 2006 पासून पुनर्विक्रीतला काही टक्के वाटा आर्टिस्टला मिळतो. हे ज्याला नीट समजतं त्या माणसावर आर्टिस्ट विश्वास टाकतात, नुसतं कौतुक करणारे त्यांना भरपूर भेटतात.

तिला सांगा, लंडनमधल्या स्टुअर्ट हॉल लायब्ररीत जाऊन बस, आर्ट कॉलेजांची वर्षअखेरची प्रदर्शनं चुकवू नको, ऑक्टोबरला सॉमरसेट हाऊसमध्ये 1-54 हा आफ्रिकन कलेचा मेळा भरतो तिथे कामाला माणसं लागतात का विचार. आणि जमेल तेव्हा एखादं छोटं प्रिंट विकत घे, स्टुडिओचं भाडं भरायला लाइक्स चालत नाहीत. व्हिसाचं मात्र विद्यापीठातच विचारायला सांगा, नियम सारखे बदलतात.

तुम्ही तिला एकदा फोन करून सध्या कोणाचं काम बघतेयस एवढं विचारा, आणि तिचा सीव्ही मला पाठवा, रविवारी निवांत बघते.