सुतळीचं कडं

प्रिय मुली,

निसर्ग दाखवायला पोरांना तापीकाठी न्यायची गरज नाही. तीन ते सहा वर्षांची मुलं मोकळ्या रानात पळत सुटतात, बघत काहीच नाहीत. तुझ्या अंगणवाडीमागचा निंब पुरेसा आहे.

३ मीटर सुतळीची टोकं बांध. साधारण १ मीटर रुंदीचं कडं होतं. ते सावलीत टाक. एका कड्याभोवती चारच मुलं बसव, पाचवं आलं की ढकलाढकली सुरू. आत चिमूटभर साखर, चिमूटभर मीठ आणि भाकरीचा चुरा वीतवीत अंतरावर ठेव. मुंग्या कुठे जातात ते मुलांनीच सांगायचं. तू आधीच 'मुंगीला गोड आवडतं' म्हणालीस की बघायला काही उरत नाही. खाऊ मुंग्यांच्या बिळाच्या तोंडाशी ठेवू नकोस. एखाद्याला चावल्या तर पुढचे काही दिवस कड्याजवळ कोणी फिरकणार नाही. वीस मिनिटांत आवर.

मूल किड्याचं नाव अहिराणीत सांगेल. तेच चालव. लगेच दुरुस्त केलंस तर ते बोलायचंच थांबेल.

एप्रिलमध्ये जळगावकडे पारा ४२च्या पुढे जातो, म्हणून नऊच्या आत परत ये. तेव्हा जमीन कोरडीठाक असते, पण केळीच्या बागेत ठिबकच्या नळीखालच्या ओलीत गांडूळ सापडू शकतं. नळीतून खत सोडलंय का, ते मालकाला आधी विचार. ते पाणी कोणाच्या तोंडी जाऊ देऊ नकोस. कापलेला केळीचा खांब मिळाला तर पदर न् पदर सोलून दाखव. चिकाचा डाग धुऊन जात नाही, जुने कपडे घालून पाठवायला आयांना आदल्या दिवशी सांग.

जूनच्या पहिल्या पावसानंतर मखमली लाल मृगाचे किडे निघतात, तेही थोडेच दिवस. तेव्हा ठरलेला पाठ खुशाल बाजूला ठेव. किडा तळहातावर घेऊ दे, मग तिथेच सोडायला लाव. झाकणबंद डबीत उन्हात तो मरतो.

दगड मुलांनी उचलायचा नाही, खाली विंचू असू शकतो. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते, गाजरगवताने अंगाला खाज सुटते; धोतरा आणि एरंडीच्या बिया विषारी. जागा आदल्या दिवशी स्वतः पाहून ये. फवारणी झालेल्या कपाशीच्या बांधावरही नको. भिंग सावलीतच वापर, उन्हात त्याने भाजतं.

निघताना आणि परतल्यावर डोकी मोज, खाऊआधी साबणाने हात धुवायला लाव. मदतनीस रजेवर असेल त्या दिवशी कडं अंगणातच टाक.

तुझी,
जुनी मुख्यसेविका (अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका)