मी समलिंगी आहे, नोकरी करतो. मला सामावून घेईल असा ख्रिस्ती संघ असतो का?

हो, असतो. त्यासाठी नोकरी सोडून मठात जावंच लागतं असंही नाही. अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चमधून आलेल्या) परंपरेत संत फ्रान्सिसच्या वाटेनं चालणारा फ्रान्सिस्कन 'तिसरा संघ' आहे; त्यात विवाहित-अविवाहित, स्त्री-पुरुष, धर्मगुरू आणि सामान्य माणसं आपापल्या घरी राहून संघाचे नियम पाळतात. १९३८ साली स्कॉटलंडमध्ये सुरू झालेला आयोना समुदायही असाच विखुरलेला आहे. त्याचे सदस्य प्रार्थनेबरोबरच पैसा आणि वेळ कसा वापरला याचा एकमेकांना हिशेब देतात. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण आपलेपणा अशा रोजच्या व्यवहारातच कळतो.

'सर्वांचं स्वागत आहे' एवढ्यावर मात्र विसंबू नका. थेट विचारा: माझ्यासारख्याला संघात सामील होण्याची शपथ घेता येते का? माझा जोडीदार सोबत आला तर चालेल का? नेतृत्वात स्त्रिया आहेत का? उत्तर देताना समोरचा अडखळला, विषय बदलला, तर ते ध्यानात ठेवा.

मग चार दिवस तिथं राहून या. प्रार्थनेइतकंच जेवणानंतर भांडी घासताना लोक एकमेकांशी कसं बोलतात ते बघा. नियमावली आधीच मागून वाचा. कायमची शपथ लगेच कुणी देत नाही. उमेदवारीचा काळ बहुधा काही वर्षांचा असतो आणि त्यात तुम्हीही त्यांना पारखत असता. घरच्यांशी संबंध तोडायला किंवा सुरुवातीलाच पैसे द्यायला सांगणाऱ्या गटापासून मात्र लांब राहा.

आणि तुम्ही जसे आहात तसे देवाला हवे आहात, हे आधी कुणाकडून मंजूर करून घ्यायची गरज नाही.