पाहिलंयस तेवढंच बोल

अरे,

तुझी स्क्रिप्ट वाचली. लगेच उत्तर दिलं नाही कारण चिडले होते आणि चिडून लिहिलेलं तुला पाठवायचं नव्हतं, आता शांत आहे, फार नाही पण आहे. पाच मिनिटांच्या स्टँडअपमधला पहिला अर्धा भाग तू स्वतःवर मारलायस, शाळेत न जाता घरीच शिकलेला होमस्कूलवाला म्हणजे मित्र नाहीत, दिवसभर नाइट ड्रेस, आईच प्रिन्सिपल, वर्गात पहिलाही मीच आणि शेवटचाही मीच. उरलेला अर्धा शाळेतल्या पोरांवर, मेंढरं काय, फॅक्टरीतला माल काय. आणि विचारतोस कुठला भाग ठेवू, कारण पहिला ऐकून आई गप्प झाली आणि दुसरा ऐकून रूममेट.

दोन्ही काढ.

विनोद करू नको असं नाही म्हणत मी, उलट जरूर कर. फक्त जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंयस त्यावर कर. या अख्ख्या स्क्रिप्टमध्ये तू पाहिलेलं एकसुद्धा वाक्य नाहीये. नाइट ड्रेस कुठून आला? तू तर सकाळी आंघोळ करून टेबलाशी बसायचास, तूच सांगितलंयस मला. मग हा नाइट ड्रेसमधला मुलगा कोण? तो लोकांच्या डोक्यातला आहे, तू तो उचललास आणि त्यांनाच परत दाखवतोयस, आणि ते हसतात कारण त्यांना काही नवीन ऐकावं लागलं नाही.

1997 साली अमेरिकेतली नॅशनल स्पेलिंग बी, म्हणजे शब्दांचं स्पेलिंग तोंडी सांगायची मुलांची स्पर्धा, घरी शिकलेल्या एका 13 वर्षांच्या मुलीने जिंकली. शेवटच्या शब्दाचं एकेक अक्षर तिने आनंदाने ओरडून सांगितलं. ती क्लिप लोकांनी वर्षानुवर्षं फिरवली, बघा होमस्कूलवाले कसे असतात म्हणून. एक मुलगी, तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण, आणि त्यावरून लाखो मुलांचा स्वभाव ठरवला. त्या लोकांनी दुसरं एकही होमस्कूलवालं मूल जवळून पाहिलं नव्हतं, एवढंच कारण आहे त्यामागे. आणि आईबाप वेडे होते म्हणून शाळेत घातलं नाही, हा जो जोक आहे ना तुझा, तो स्टेजवर नवीन वाटत असेल तुला, पण खूप आईबापांनी तो कोर्टात ऐकलाय. अमेरिकेतल्या सगळ्या 50 राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर व्हायला 1993 उजाडलं, जर्मनीत तर आजही शाळेत जाणं सक्तीचं आहे, घरी शिकवतो म्हटलं तर चालत नाही. आई का गप्प झाली ते कळतंय का आता?

आता मेंढरं. माझा राग इथे जास्त आहे. मी सरकारी शाळेत बरीच वर्षं शिकवलंय आणि नंतर माझ्या मुलीला घरी शिकवलंय, त्यामुळे मला दोन्हीकडचे जोक तोंडपाठ आहेत. स्टाफरूममध्ये होमस्कूलवर हसायचे, होमस्कूलच्या ग्रुपमध्ये शाळेवर. मी दोन्हीकडे हसले नाही, माझी मैत्री तुटली, लोक म्हणाले बाईला विनोद कळत नाही. म्हणू देत. माझ्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा होता, तो मी खडू फळ्यावर कसा आपटते त्यावरून माझा मूड ओळखायचा आणि सगळ्या वर्गाला भुवईने सिग्नल द्यायचा, आज गृहपाठ विचारणार, आज नाही. त्याला तू मेंढरू म्हणणार? अशी चाळीस पोरं होती एका खोलीत आणि प्रत्येकाचं काहीतरी वेगळं चालू असायचं, तुला वर्गात पाऊल न ठेवता तो माल दिसला.

आणि फॅक्टरी म्हणतोस तर हेही ऐक, ब्रिटनमध्ये 1833 च्या फॅक्टरी कायद्याने गिरणीत राबणाऱ्या 9 ते 13 वयाच्या मुलांना रोज दोन तास शिकवणं सक्तीचं केलं. तेवढा वेळ तरी मशीनपासून सुटका. त्या पोरांसाठी शाळा म्हणजे फॅक्टरीतून बाहेर पडायचा रस्ता होता.

होमस्कूलवाले ज्या जॉन होल्टचं, त्या अमेरिकन लेखकाचं, नाव घेतात, तो आधी वर्गात शिकवणारा मास्तर होता. त्याचं 1964 चं पुस्तक म्हणजे पाचवीतली मुलं बघताना काढलेल्या नोंदी, कोण उत्तर न येता हात वर करतं, कोण बाईंचा चेहरा वाचून अंदाज मारतं. शाळेशिवाय शिकण्याबद्दलचं मासिक त्याने 1977 मध्ये काढलं, म्हणजे आधी पाहिलं आणि मग बोलला. तू आधी बोलतोयस.

पाहिलेल्यात विनोद नसतो असं वाटतं का तुला? माझी मुलगी पहिल्यांदा हॉलमध्ये परीक्षेला बसली, दहा मिनिटांनी उठून सुपरवायझरकडे गेली आणि म्हणाली, हा तिसरा प्रश्न मला पटत नाहीये, आपण बसून बघूया का. त्या बाई क्षणभर खरंच बसायला निघाल्या होत्या! हे कोणी बसून रचू शकत नाही. आणि तुझ्याकडेपण आहे, मेसेजच्या शेवटी तू सहज टाकलंयस, की कॉलेजच्या पहिल्या दिवशी बेल वाजली, सगळे एकदम उठून गेले आणि तू बसून राहिलास कारण सर अजून वाक्याच्या मधे होते, आणि मग सर तुझ्या एकट्यासाठी ते वाक्य पूर्ण करून गेले. अरे हे आहे की! यात तू पण आहेस, शाळेतून आलेले पण आहेत, सर पण आहेत, आणि कोणाचाच अपमान नाही. हे सोडून तू नाइट ड्रेस घेऊन बसलास, काय म्हणू तुला.

लोक आधीच हसतात म्हणून मीच आधी हसून घेतो, असं लिहिलंयस. कळतं मला ते, मनापासून कळतं, नव्या ठिकाणी एकटं पडायची भीती असते. पण त्यांनी आत्तापर्यंत तुला ओळखलेलंच नाहीये, ते त्या दुसऱ्याच मुलाला हसतायत. तुझं काहीतरी खरं सांगून बघ एकदा, नाही हसले तर नाही हसले, एखादा तरी थांबून विचारेल की मग पुढे काय झालं.

आईशी आजच बोल, ती टेबलाशी कशी शिकवायची, कुठे अडायची, कधी वैतागून पुस्तक मिटायची, तुला बरंच आठवेल. रूममेटला त्याच्या शाळेबद्दल विचार आणि मधे बोलू नकोस. तो जे सांगेल ते त्याचं आहे, तू स्टेजवर घ्यायचं नाहीस, फार तर त्यालाच म्हण तू पण उभा राहा. मग नवीन लिही आणि पाठव, तीन मिनिटांचं झालं तरी चालेल.