पुण्यात बेघर लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेला महिन्याला २,००० रुपये आणि रविवारची सकाळ द्यायची असेल, तर ती कुठे आणि कशी लावावी?

तुमच्या प्रश्नात चार गोष्टी आहेत: दरमहा २,००० रुपये, रविवारी सकाळचे तीन तास, कपाटातले जुने स्वेटर आणि दोन ब्लँकेटं, आणि सोसायटीसमोरच्या बसथांब्यावर झोपणारे एक आजोबा. संस्था खरी की खोटी हे कसं ओळखायचं, हेही विचारलंय. सगळ्यांना एकाच उत्तरात घेतो.

पैशांची सुरुवात दिवाळीची वाट न पाहता करा, आणि आषाढ-श्रावणात ते हमखास पोचतील असं बघा. रस्त्यावर राहणारे सगळे भीक मागतात हा मोठा गैरसमज आहे. त्यातले कितीतरी जण लग्नकार्यांत केटरिंगला वाढपी म्हणून जातात, मजूर अड्ड्यावर उभे राहतात, हमाली करतात, भंगार वेचतात. चातुर्मास लागला की लग्नांचे मुहूर्त संपतात, वाढप्यांची कामं जातात, पावसाने बांधकामं मंदावतात, आणि झोपायची जागाही त्याच वेळी ओली होते. कमाई आणि निवारा एकदमच जातो. देणग्या मात्र पितृपक्ष, दिवाळी आणि डिसेंबरची थंडी या तीन वेळांना येतात. त्या दिवसांत एकेका माणसाकडे तीन-तीन ब्लँकेटं जमतात, आणि जुलैत अंगावरची एकमेव चादर वाळवायला जागा नसते.

२,००० रुपये दरमहा, बँकेतून आपोआप वळते होतील असे द्या, आणि त्यावर 'फक्त अन्नासाठी', 'फक्त मुलांसाठी' अशी अट घालू नका. हे मी कळकळीने सांगतोय. निवारा केंद्र चालवणाऱ्या संस्थेला अन्न मागून मिळतं, कपडे न मागता मिळतात. मिळत नाही तो रात्रपाळीच्या काळजीवाहकाचा पगार, विजेचं बिल, संडास साफ करणाऱ्या बाईंचे पैसे, फिनाईल, आणि रात्री दोन वाजता कुणाला ससून रुग्णालयात न्यायचं तर रिक्षाचं भाडं. सरकारी अनुदान हप्त्यांनी येतं आणि हप्ता लांबला की आधी काळजीवाहकाचा पगार थकतो. तो सोडून गेला की केंद्र रात्री नऊला कुलूप लावायला लागतं. दारू प्यायलेला माणूस, ताप असलेला माणूस, उशिरा कामावरून येणारा वाढपी, हे सगळे मग बाहेरच राहतात.

आता संस्था कशी निवडायची ते. कागद बघायचेच. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असते, नोंदणी क्रमांक मागा, शेवटच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल मागा. द्यायला खळखळ केली तर तिथेच थांबा. करसवलत हवी असेल तर संस्थेकडे तिची मंजुरी (लोक '८०-जी' म्हणतात ती) आहे का विचारा. रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त दिलेत तर सवलत मिळत नाही, आणि नव्या कररचनेत ही सवलतच नाही. पावतीवर पॅन बरोबर आहे ना हे बघा, कारण संस्था वर्षअखेरीस देणगीचं जे प्रमाणपत्र देते ते पॅनवरच निघतं. परदेशातल्या भावाबहिणीला सामील करणार असाल तर एक फरक लक्षात ठेवा. पासपोर्ट अजून भारतीय असेल तर नेहमीच्या बँक व्यवहारातून दिलेली देणगी परकीय धरली जात नाही. नागरिकत्व बदललं असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरीही, ती परकीय देणगीच, आणि ती फक्त परवाना असलेल्या संस्थेला, तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातच घेता येते. संस्थेच्या रोजच्या खात्यात ती आली तर अडचण संस्थेला होते, देणाऱ्याला नाही.

पण कागदांपेक्षा जास्त सांगते ती रात्री साडेनऊची भेट. आधी कळवून जा, पण रात्रीच जा. हजेरीचं रजिस्टर बघा: काल किती जण झोपले, आज किती आले. रोज बरोबर पन्नासच्या पन्नास सह्या आणि सगळ्या एकाच पेनाने असतील तर समजून घ्या. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने निवाऱ्यांसाठी ठरवून दिलेला निकष माणशी ५० चौरस फूट जागेचा होता आणि शहराच्या दर एक लाख वस्तीमागे शंभर जणांच्या निवाऱ्याचा. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाने असे निवारे वर्षभर, चोवीस तास उघडे हवेत असं सांगितलेलं आहे. तेव्हा विचारा: दिवसा इथे झोपता येतं का? रात्रपाळी करणारा माणूस दिवसा कुठे झोपणार? नवरा-बायकोला एकत्र राहता येतं का? बहुतेक ठिकाणी नाही, आणि कुटुंबं निवाऱ्यात न येण्याचं ते एक खरं कारण आहे. सामान ठेवायला कुलपाची पेटी आहे का? ती नसेल तर माणूस आपलं गाठोडं सोडून आत येत नाही. या प्रश्नांची उत्तरं अडचणी न लपवता देणारी संस्था मला सगळं छान-छान सांगणाऱ्या संस्थेपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

पेटीचा विषय निघालाच आहे तर कागदपत्रांबद्दल सांगतो, कारण रविवारचे तुमचे तीन तास इथे सोन्यासारखे लागतील. अतिक्रमणाच्या गाडीत गाठोडं गेलं की त्यातलं आधार, रेशनकार्ड, दवाखान्याचे केसपेपर सगळंच जातं. मग लोक सरळ नवीन आधार काढायला नेतात, ठसे दिले जातात, आणि काही आठवड्यांनी अर्ज नाकारला जातो, कारण आधी एक आधार निघालेलं असतं. माणूस म्हणतो 'माझं आधार नाही', त्याचा अर्थ बऱ्याचदा 'माझं कार्ड हरवलंय' असा असतो. आधी कधी बोटं आणि डोळे दिले होते का ते विचारा. दिले असतील तर आधार केंद्रात बायोमेट्रिकवरून जुना क्रमांक शोधून घ्या. विटा-सिमेंट उचलून ठसे झिजलेले असतात, बोटांनी जुळलं नाही तर बुबुळांनी करून बघायला सांगा. खरंच पहिल्यांदा काढायचं असेल तर मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखांचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं, पण ते दिलेल्या तारखेपासून तीनच महिने चालतं. ते लिहून घेऊन कुणी सोबत गेलं नाही, म्हणून मुदत संपते. मतदार नोंदणीलाही घर लागत नाही. नमुना ६ भरायचा, आणि सांगितलेल्या जागी माणूस खरंच झोपतो का हे बघायला मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येतो. संस्थेत एक कपाट, प्रत्येकाची एक फाईल, त्यात छायाप्रती आणि फाईलवर माणूस सहसा कुठे सापडतो ती जागा, एवढं काम नीट लावून दिलंत तरी पुष्कळ झालं.

रविवारी केस कापणं, नखं काढणं, औषधांच्या कपाटातल्या मुदत संपलेल्या पट्ट्या बाजूला काढणं हेही उपयोगाचं आहे. पण सरकारी दवाखान्याची ओपीडी रविवारी नसते. महिन्यातून एखाद्या मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा काढून सकाळी केसपेपरच्या रांगेत कुणासोबत उभे राहिलात, तर ते माझ्या मते चार रविवारांच्या बरोबरीचं आहे. एकट्या माणसाला या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवलं की तो दुपारी निघून जातो. सोबत कुणी असेल तर तपासणी पूर्ण होते. तातडीची वेळ आली आणि जवळ धर्मादाय रुग्णालय असेल तर तिथेही न्या. राज्यात अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत ठेवाव्या लागतात, आणि जीव धोक्यात असताना अनामत रकमेसाठी दाखल करणं अडवता येत नाही. तिथल्या समाजसेवकाला गाठायचं, बिलिंगच्या खिडकीशी वाद घालत बसायचं नाही.

वस्तूंचं थोडक्यात. जाड ब्लँकेट पुण्यात डिसेंबर-जानेवारीत ठीक, एरवी ते ओझं होतं आणि भिजलं की दोन दिवस वाळत नाही. सोलापुरी चादर बरी: धुता येते, लवकर वाळते, घडी पिशवीत मावते. पावसाळ्यासाठी ताडपत्री आणि दोरी. नवी अंतर्वस्त्रं (जुनी कुणालाही देऊ नका), बायकांसाठी पॅड, रबरी चपला, अंघोळीच्या साबणाच्या लहान वड्या. तुमचे स्वेटर धुऊन, बटणं लावून, मापाची चिठ्ठी टाचून द्या. स्थानिक संस्थेला नको असतील तर 'गूंज'सारख्या संस्था कपडे वर्गवारी करून गरज असेल तिथे पाठवतात. साड्या, सूट आणि एका पायाचे बूट निवाऱ्याची खोली अडवतात, ते संस्थेच्या दाराशी रात्री ठेवून जाऊ नका.

एका गोष्टीसाठी मात्र संस्थेला स्वतःहून विचारा: खरूज. निवाऱ्यात ती आली की सगळ्यांना होते, आणि उपचार जवळजवळ नेहमी अर्धवट होतो, कारण ज्याला खाजतं त्यालाच मलम दिलं जातं. डॉक्टरांनी पर्मेथ्रिन ५ टक्के लिहून दिलं तर ते खोलीतल्या सगळ्यांना एकाच रात्री लावायला हवं. मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, कमरेच्या घडीत. आठ ते चौदा तासांनी अंघोळ, आणि आठवड्याने पुन्हा एकदा. एका मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम लागतं, म्हणजे ४० जणांच्या निवाऱ्याला दोन वेळचे मिळून ३० ग्रॅमच्या ८० ट्यूब. त्याच सकाळी सगळ्या चादरी-कपडे गरम पाण्यात जायला हवेत, आणि जे धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार दिवस बाजूला. म्हणजे त्या दिवसापुरत्या ४० जादा चादरी आणि ४० जोड कपडे लागतात. तुमच्या सोसायटीने वर्षातून एकदा एवढं उचललं तर कुठल्याही अन्नदानापेक्षा झोप जास्त लागेल. आणि आधीच सांगून ठेवायचं की खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. नाहीतर औषध लागू पडलं नाही असं समजून लोक दुसऱ्यांदा लावतच नाहीत.

अन्न द्यायचंच असेल तर सणाच्या दिवशी नको, मधल्या वारी आणि मऊ. म्हाताऱ्यांना दात नसतात, पुरी-भाजी चावत नाही. शंभर जणांच्या मुगाच्या खिचडीला ८ किलो तांदूळ, ४ किलो डाळ, दीड लिटर तेल आणि सुरुवातीला ३५० ग्रॅम मीठ, मग चव बघून. पातेल्यात खिचडी आटत जाते आणि वाटेपर्यंत तिचा गोळा होतो, म्हणून पाच-सहा लिटर उकळतं पाणी वेगळं न्या. शिजल्यापासून दोन तासांत वाढून संपवा. कोमट भात पावसाळी हवेत लवकर खराब होतो आणि वास येण्याआधीच पोट बिघडवतो. फोटो काढू नका. घरच्यांना आपण कुठे राहतो हे न सांगितलेली माणसं त्या रांगेत असतात.

आता तुमचे आजोबा. आधी नाव विचारा, चहा प्या त्यांच्यासोबत, आणि ते कुठे कामाला जायचे ते बोलता-बोलता कळू द्या. निवाऱ्यात यायचं का, हे तिसऱ्या-चौथ्या भेटीत. नाही म्हणाले तर तो त्यांचा निर्णय आहे, बळजबरी नको. राज्यात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे, त्यामुळे 'उचलून नेणं' या शब्दांचीच रस्त्यावर धास्ती असते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, ती निवाऱ्याचा पत्ता आणि पुढची सोय सांगते. दुखापत किंवा बेशुद्धी असेल तर थेट १०८.

ते स्वतःशीच बोलत असतील, खाणं-पिणं सुटलं असेल, कपड्यांचं भान नसेल तर मार्ग वेगळा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० प्रमाणे अशा माणसाला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात नेणं हे पोलीस ठाण्याचं कर्तव्य आहे, आणि त्याला कोठडीत ठेवता येत नाही. ठाण्यात तोंडी सांगू नका. जागा, वेळ, वर्णन आणि 'कलम १००' असं लिहून अर्ज द्या, पोच घ्या. उपचारानंतर घर शोधून देण्याचं काम कर्जतचं श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन वर्षानुवर्षं करतंय, त्याचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. निराधार मनोरुग्ण स्त्रियांसाठी अहिल्यानगरजवळ डॉ. धामणे दांपत्याची माऊली सेवा प्रतिष्ठान आहे. जागा आहे का हे आधी फोनवर विचारा आणि पोलिसांचं पत्र हातात असल्याशिवाय कुणाला गाडीत बसवून नेऊ नका. पुण्यातच, देवळा-मशिदींच्या दारात बसणाऱ्यांवर तिथेच उपचार करणारे डॉ. अभिजित सोनवणे यांचं सोहम ट्रस्टही आहे. आजोबा तसे बसत असतील तर त्यांनाही कळवा, आणि कळवताना पायाला जखम आहे का, मधुमेह आहे असं ते म्हणतात का, आणि ते सकाळी किती वाजेपर्यंत त्या थांब्यावर असतात, एवढं लिहून ठेवलेलं हाताशी असू द्या.