बॅकरेस्ट कायमचा ठेवा, बॅगा काढत्या-घालत्या

प्रश्न: माझी रॉयल एनफील्डची मीटिअर 350 फायरबॉल मोटरसायकल आहे. दिवाळीनंतर मी आणि बायको साताऱ्याहून आंबोली घाटाने मालवणला जायचं म्हणतोय. तिला कमरेचा त्रास आहे म्हणून बॅकरेस्ट लावायचाय, दोन्ही बाजूंना बॅगा आणि मागे टॉप बॉक्सपण हवाय, पण रोज ऑफिसला जाताना सगळं काढता आलं पाहिजे. फिटर म्हणतो वेगळा बॅकरेस्ट कशाला, टॉप बॉक्सलाच पॅड लावू, आणि डाव्या बॅगेच्या फ्रेमसाठी साडीगार्ड काढावा लागेल. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर: साडीगार्ड अजिबात काढू देऊ नका. मोटार वाहन नियम 123 प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी पायठेवणं, धरायला हँडल आणि मागचं चाक निम्मं तरी झाकेल असं कव्हर लागतंच, आणि नियम बाजूला ठेवला तरी ओढणी चाकात गेली तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. साडीगार्डसकट बसणारी फ्रेम शोधा, मिळते.

आता बॅकरेस्ट. मीटिअरच्याच स्टेलर आणि सुपरनोव्हा या मॉडेलना तो कंपनीकडूनच येतो, त्यामुळे तुमच्या फायरबॉललाही कंपनीचाच घ्या आणि एकदा लावला की काढूच नका. बॅगा रोज काढा, टॉप बॉक्स काढा, पण बॅकरेस्टवर माणसाची पाठ टेकलेली असते, ते बोल्ट सारखे उघडझाक केले की आटे झिजतात. टॉप बॉक्सच्या पॅडचं म्हणाल तर छोट्या फेरीला चालेल, पण घाटात गिअर टाकून गाडी उचलली की वहिनींचं सगळं वजन बॉक्सच्या लॉकवर येणार, ते मला पटत नाही. टॉप बॉक्ससाठी रॅक घेताना मात्र तो बॅकरेस्टसोबत बसतो का ते आधी लावून बघा, बऱ्याचदा दोन्हींचे बोल्ट एकाच भोकात जातात.

आणि फिटिंगच्या दिवशी वहिनींना सोबत न्या, प्लीज! बॅकरेस्टचा पॅड कमरेच्या वरच्या खोलगट भागाला टेकला पाहिजे, नुसता माकडहाडाला टेकला तर त्रास वाढेल. चढता-उतरताना पाय बॅगेला अडकतो का, पायठेवणीवर टाच नीट बसते का, हे त्या बसल्याशिवाय कळत नाही.

बॅगांमध्ये जड सामान खाली आणि शक्य तितकं पुढे, दोन्हीकडे सारखं. मीटिअरचा सायलेन्सर उजवीकडे आहे, तिथे कापडी बॅग टेकली की वितळते, म्हणून फ्रेम आणि सायलेन्सरमध्ये हात सहज जाईल एवढी जागा आणि शक्यतो हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) ठेवा. टॉप बॉक्स मागच्या एक्सलच्याही मागे लटकतो, त्यात जड भरलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल डुलायला लागतं, तेव्हा त्यात रेनकोट, टॉवेल असलंच ठेवा. पेटीच्या मापाचा 2020 चा केंद्राचा नियम आहे, 550 मिमी लांब, 510 रुंद, 500 उंच, यापेक्षा मोठी नको आणि ती मागच्या सीटवर नाही तर सीटच्या मागे हवी, सीटवर ठेवली तर गाडीवर एकट्या चालकालाच परवानगी आहे. इंडिकेटर, टेललाइट आणि नंबर प्लेट झाकली जात नाही ना, तेपण मागे उभं राहून बघा.

बोल्टला निळं लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावा, लाल नको, नाहीतर पुढच्या वेळी उघडताना रडाल. मागच्या शॉकअब्सॉर्बरला प्रीलोडच्या (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याच्या) 6 पायऱ्या आहेत, दोघं आणि सामान असेल तर वाढवा आणि दोन्ही बाजूंना सारख्याच ठेवा. टायरची हवा दोघांसाठी सांगितलेली भरा, चेनचा सैलपणा बघा, आणि मागे वजन आलं की हेडलाइट वर जातो, तो खाली घ्या.

मालवणच्या आधी एकदा सगळं भरून, वहिनींना बसवून यवतेश्वरचा घाट चढून-उतरून या. परत आल्यावर प्रत्येक बोल्टला पाना लावून बघा, नवीन फिटिंग पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्ये हमखास सैल होतं.