आजचं भाडं नंतर विचारा, वाढ किती ते आधी विचारा

तुम्ही लिहिलंय की चार वर्षांत तीन घरं बदलावी लागली. करार संपत आला की मालक परवडणार नाही इतकी वाढ सांगतो, आणि स्वतःची गाडी नसल्यामुळे रेल्वे-मेट्रोपासून लांब जाता येत नाही. हे सगळं मी भोगलेलं आहे. एकवीस वर्षं भाड्याच्या घरात राहतोय, त्यातली शेवटची नऊ एकाच घरात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घर बघताना आपण आजच्या भाड्यावर घासाघीस करतो आणि वाढीचा विषय पुढच्या वर्षावर ढकलतो. नुकसान तिथेच होतं. एका घराचं भाडं १०० धरा, वाढ दरवर्षी १० टक्के. दुसऱ्याचं ११२, वाढ ४ टक्के. तिसऱ्या वर्षी दोन्ही १२१च्या आसपास येतात. पाचव्या वर्षी पहिलं १४६ आणि दुसरं १३१. पाच वर्षांत भरलेल्या भाड्याची बेरीजही दुसऱ्याचीच किंचित कमी येते, आणि यात सामान हलवण्याचा खर्च मी धरलेलाच नाही. तुम्ही तो तीनदा केलाय.

‘पहिला महिना मोफत’ या जाहिरातींपासून विशेष सांभाळा. १०० भाड्याच्या घरात एक महिना माफ झाला की वर्षभराची सरासरी ९१.७ पडते, आणि आपलं महिन्याचं बजेट त्यावर बसतं. पुढच्या वर्षीची ५ टक्के वाढ मात्र कागदावरच्या १०० वर लागते. म्हणजे १०५. तुमच्या खिशाला ती साडेचौदा टक्के लागली. सवलत हवीच असेल तर महिना माफ करण्याऐवजी तेवढं मासिक भाडंच कमी लिहून मागा. मालक नाही म्हणाला, तर वाढीचा आकडा त्याला कुठून मोजायचाय ते तुम्हाला कळलं.

आता कुठे शोधायचं. माझा कल स्पष्टपणे जुन्या, लहान इमारतींकडे आहे, जिथे मालक एक माणूस किंवा एक कुटुंब असतं. भाडेकरू बदलणं त्यांना नको असतं, कारण घर एक महिना रिकामं राहिलं तरी वर्षाच्या भाड्याचा बारावा हिस्सा, म्हणजे सव्वाआठ टक्क्यांहून जास्त, बुडतो. कायद्याचं संरक्षणही बऱ्याच ठिकाणी जुन्या बांधकामालाच मिळतं. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या घरांना सरकारनं ठरवलेली वाढीची मर्यादा लागू नाही. कॅलिफोर्नियात २०२०पासून राज्यभर वाढीला मर्यादा आहे, पण गेल्या पंधरा वर्षांत बांधलेल्या घरांना सूट आहे. एकाच गल्लीत समोरासमोरच्या दोन इमारतींना वेगळा नियम असू शकतो. तुमच्या शहराचा नियम काय आणि ती इमारत त्यात बसते का, हे घर बघायला जायच्या आधी काढा. गृहनिर्माण सहकारी संस्था किंवा नगरपालिकेची भाड्याची घरं असतील तर आजच यादीत नाव घाला. नंबर लागायला वर्षं जातात, म्हणूनच आज.

एक गोष्ट मी कधीच चुकवत नाही. घर पसंत पडलं की संध्याकाळी, लोक कामावरून परततात त्या वेळी, एकट्यानं पुन्हा त्या इमारतीत जातो आणि पत्रपेट्यांपाशी थांबतो. नावांच्या चिठ्ठ्या पिवळ्या पडलेल्या, शाईनं हातानं लिहिलेल्या असतील तर लोक टिकून आहेत. सगळ्या नव्याकोऱ्या आणि निम्म्यांखाली जुन्या चिठ्ठीचा चिकटपणा असेल तर माणसं येतात आणि जातात. आत्ताच्या घरी अशीच एक आजी भेटली. हातात भाजीची पिशवी, एक पाय पायरीवर. मी विचारलं, “मागच्या वेळी किती वाढवलं?” त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि तीन वर्षांचे आकडे तोंडपाठ सांगितले. एजंटनं तासभर बोलून जे सांगितलं नव्हतं ते दोन मिनिटांत समजलं. विचारताना भाडं किती असं विचारू नका, लोक संकोचतात. वाढ किती झाली ते विचारा, सगळे सांगतात.

स्टेशनच्या बाबतीत ‘जवळ’ या शब्दावर विसंबू नका. साधारण माणूस मिनिटाला ८० मीटर चालतो, म्हणजे दहा मिनिटांत ८००. नियोजनकारही बससाठी ४०० आणि रेल्वेसाठी ८०० मीटर हेच अंतर धरतात. पण नकाशावरची सरळ रेघ रूळ, नाला आणि भिंती ओलांडून जाते, तुम्हाला वळसा घालावा लागतो. घराच्या दारापासून फलाटापर्यंत स्वतः चालून घड्याळ लावा, जिने आणि पूल धरून. गाडी किती वेळानं येते हे मी अंतराइतकंच महत्त्वाचं मानतो. दर १० मिनिटांनी येणारी बस सरासरी ५ मिनिटं थांबायला लावते, अर्ध्या तासाची १५. म्हणून स्टेशनला खेटून असलेल्या महागड्या घरापेक्षा, स्टेशनला जाणाऱ्या भरवशाच्या बसच्या थांब्याजवळचं घर मी निवडेन. रविवारचं आणि रात्रीच्या शेवटच्या गाडीचं वेळापत्रकही बघा.

आणि नवं स्टेशन होऊ घातलंय अशा भागात वाढ लिहून घेतल्याशिवाय जाऊ नका. मी गेलो होतो. स्टेशन उघडलं त्याच वर्षी मालकानं एका फटक्यात पंचवीस टक्के वाढवले, आणि करारात एक ओळही नसल्यामुळे मला बोलायला जागाच राहिली नाही. मुलीची शाळा अर्ध्यावर सोडवावी लागली, ते अजून सलतं. ज्या मार्गाचं नवेपण केव्हाच ओसरलंय, तिथे स्टेशनची किंमत भाड्यात आधीच धरलेली असते.

बोलणी करायची ती सहीच्या आधी. दोन किंवा तीन वर्षांचा करार मागा आणि दरवर्षीच्या वाढीचा आकडा त्यातच लिहून घ्या. ‘परस्पर संमतीनं’ किंवा ‘बाजारभावानुसार’ असं लिहिलेलं असेल तर ते खोडून टक्केवारी घाला. वाढ महागाई निर्देशांकाला जोडली असेल तर तिला कमाल मर्यादा हवी, नाहीतर महागाई भडकलेल्या वर्षी भाडंही तसंच भडकतं. करार आधीच झाला असेल तर तो संपायच्या तीन महिने आधी तुम्हीच विषय काढा, वेळेवर भाडं भरल्याच्या पावत्या हातात ठेवून.

सध्या बघत असलेल्या घराचा मसुदा हाती आला की नाव-पत्ता झाकून वाढीचं कलम इथे टाका. मी वाचून सांगतो.